केशरसाठी घरी बांधलेली पेटी: कॉर्न स्नेक, प्लायवूड आणि थर्मोस्टॅट

निर्झरा, लीड्स

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षापासून एक कॉर्न स्नेक आहे. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांवर जगणारा साप. आपल्याकडचा तस्कर ज्यांनी पाहिलाय त्यांना बांधा ओळखीचा वाटेल. आमची मादी आहे, अंगावर नारिंगी पट्टे, म्हणून मुलाने नाव ठेवलं केशर. आज साधारण ९० सेंटिमीटर लांब आहे, पूर्ण वाढ झाली की १२० ते १५० होईल. हे साप माणसाच्या घरात १५ ते २० वर्षं जगतात. म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हाही केशर घरात असेल, हे चौघांनी बसून मान्य केलं आणि मगच तिला आणलं.

सध्या ती काचेच्या टाकीत आहे. मासे ठेवतात तशीच टाकी, वर जाळीचं झाकण, खाली गरम होणारी चटई. उन्हाळ्यात काही बिघडलं नाही. फेब्रुवारीत थंडी वाढली आणि जेवण दिल्यावर तिसऱ्या दिवशी तिने उंदीर उलटून टाकला. आम्ही घाबरलो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, टाकीतल्या हवेचं तापमान किती? मी चटईचं सांगितलं, ३१. ते म्हणाले, चटईचं नको, हवेचं सांगा. घरी येऊन रात्री मोजलं तर १६ अंश. जाळीतून सगळी ऊब वर निघून जात होती. तिचं पोट गरम होतं आणि बाकीचं अंग गारठलेलं होतं. सापाला अन्न पचवायची ऊब बाहेरून मिळावी लागते. ती नसेल तर पोटातला उंदीर पचायच्या आधी कुजायला लागतो, आणि साप तो बाहेर टाकतो.

उलटी झाल्यावर लगेच खायला द्यायचं नसतं. आम्ही चौदा दिवस थांबलो, मग नेहमीपेक्षा लहान पिल्लू दिलं. तोवर टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोल आणि झाकणावर अर्धा टॉवेल अशी तात्पुरती सोय केली आणि ठरवलं की लाकडी पेटी करायची. लाकूड ऊब धरून ठेवतं, आणि तीन बाजू बंद असल्या की सापालाही निर्धास्त वाटतं.

माप: लांबी १२१५ मिमी, खोली ६००, उंची ६००. १८ मिमी जाडीचं बर्च प्लाय, मागची बाजू ९ मिमीची. प्लायचं पूर्ण शीट २४४० बाय १२२० मिळतं, दुकानातच कापून देतात. वरची आणि खालची फळी १२१५ बाय ६००, दोन बाजू ६०० बाय ५६४. पुढे खाली १०० मिमीची पट्टी, म्हणजे आतला भुसा बाहेर येत नाही. वर ७० मिमीची पट्टी, तिच्यामागे दिवा झाकला जातो. मधल्या जागेत सरकत्या काचा.

काचेच्या मापात माझे दोन दिवस गेले, म्हणून ते सविस्तर लिहिते. सरकत्या काचेच्या प्लास्टिक खोबणीत वरची खोबण खोल असते, खालची उथळ. काच आधी वर सारायची आणि मग खाली सोडायची. खोबणी चिकटवून झाल्या की खालच्या खोबणीच्या तळापासून वरच्या खोबणीच्या छतापर्यंत मोजा. त्यातून खालच्या खोबणीची खोली वजा करा, आणखी २ मिमी वजा करा. ती काचेची उंची. रुंदीला दोन काचा एकमेकींवर ३० मिमी तरी याव्यात. माझी आतली रुंदी ११७९, म्हणून प्रत्येक काच ६०५ मिमी घेतली. काच ४ मिमीची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. काच कापायला देण्याआधी पुठ्ठ्याची काच करून खोबणीत बसवून बघा. माझी पहिली पुठ्ठ्याची काच बसलीच नाही, खरी काच असती तर पैसे वाया गेले असते.

आतल्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन भरलं. बाथरूमचं सिलिकॉन घेऊ नका, त्यात बुरशीनाशक असतं. मत्स्यालयाचं घ्या. सुकताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. लाकडाला पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निशचे चार हात दिले आणि पेटी दोन आठवडे उघडी ठेवली. पंधराव्या दिवशी आत डोकं घालून वास घेतला. काही आला नाही, तेव्हा पुढचं काम हाती घेतलं.

उष्णतेचं उद्या लिहिते. खरी मेहनत तिथे लागली.

रंधा, नाशिक

ताई, काम नेटकं केलंय. १२२० च्या जागी १२१५ घेतलंत ते अगदी बरोबर. करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी लाकूड खातं, त्यामुळे २४४० चे दोन सारखे तुकडे १२२० चे कधीच निघत नाहीत. नवीन माणूस कागदावर हिशेब करतो आणि इथेच फसतो.

दोन गोष्टी विचारतो. स्क्रू मारण्याआधी भोक पाडून घेतलंत का? प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की थर फाकतात. आणि कापलेल्या कडांना वार्निश दिलंत ना? पाणी प्लायमध्ये शिरतं ते कडेतून. मी कडांना दोन हात जास्त देतो.

भारतात कुणी कासवासाठी किंवा माशांच्या टाकीखालचं कपाट करणार असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या. साधं कमर्शियल प्लाय दमटपणात दोन पावसाळ्यांत सुटतं.

निर्झरा

काका, भोकं पाडून घेतली. कडांचं मात्र तुम्ही म्हणताय तसं केलं नव्हतं, सगळीकडे सारखे चारच हात दिले होते. मागची कडा अजून हाताला लागते, तिला या शनिवारी देते आणि पेटी पुन्हा वाऱ्याला ठेवते. केशर अजून जुन्या टाकीतच आहे, त्यामुळे घाई नाही.

पहाटवारा, रेडिंग

माझ्याकडे मेलामाइनचं जुनं कपाट पडून आहे. आडवं करून पुढे काचा लावल्या तर चालेल का? मुलीला रॉयल पायथन हवाय.

निर्झरा

कपाटाच्या पेट्या इथे बरेच जण करतात. दोन ठिकाणी जपा. कपाटाची पाठ पातळ हार्डबोर्डची आणि खिळ्यांवर ठोकलेली असते, साप नाकाने ढकलून ती सोडवतो. ती काढून जाड पाठ स्क्रूने लावा. दुसरं, मेलामाइनचा पृष्ठभाग पाणी आत घेत नाही, पण आत चिपबोर्ड असतो. कापलेली कड ओली झाली की पावासारखी फुगते. रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्याला केशरपेक्षा बराच जास्त दमटपणा लागतो. त्यामुळे तुमच्या पेटीत एकही कड उघडी राहता कामा नये.

मऊभात

मला सापांची भीती वाटते तरी सगळं वाचलं. एक शंका. एवढी मोठी पेटी कशाला? लहान जागेत सापाला सुरक्षित वाटतं असं ऐकलंय.

निर्झरा

मीही तेच ऐकलं होतं. इथे जुना नियम असा होता की पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाच्या लांबीइतकी झाली की पुरे. आता बरेच जाणते लोक म्हणतात की सापाला पूर्ण ताणून पडता आलं पाहिजे. मला दुसरं पटलं, कारण मी केशरला जमिनीवर सोडते तेव्हा ती सरळ होते, भिंतीच्या कडेने पूर्ण लांब होऊन पडते. टाकीत तिला तसं कधी करताच आलं नाही.

सुरक्षित वाटायला लपायची जागा लागते. मोठ्या पेटीत लपायच्या जागा भरपूर असतील तर साप बिनधास्त फिरतो. मोठी आणि मोकळी पेटी मात्र वाईट, तिथे तो कोपरा धरून बसतो. केशरच्या पेटीत आता एक बीळ गरम बाजूला, एक गार बाजूला, एक ओल्या शेवाळाचं मधे, दोन फांद्या, कॉर्कची साल आणि प्लास्टिकच्या वेली आहेत. दोन्ही बाजूंना बीळ हवंच. एकाच बाजूला असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा आडोसा निवडून गारठतो.

निर्झरा

आता उष्णतेबद्दल.

कॉर्न स्नेकला गरम टोकाला ३० ते ३२ अंश लागतात आणि गार टोकाला २२ ते २४. मधे उतरत जाणारं तापमान. साप दिवसभर या दोन टोकांमधे ये-जा करून आपलं अंग हवं तसं राखतो. आपण त्याला एक तापमान देत नाही, त्याला निवडता येईल असा पल्ला देतो. हे मला डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नानंतर कळलं.

वरून ७५ वॅटचा हॅलोजन लावला, डाव्या टोकाला, डिमिंग थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखायला दिवा हळूहळू मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, तो पल्स थर्मोस्टॅटवर (वीज थोड्या थोड्या ठोक्यांनी देणाऱ्या), २१ ला लावलेला. दिव्याला डिमिंग, सिरॅमिकला पल्स, चटईला साधा चालू-बंदचा थर्मोस्टॅट चालतो. चालू-बंदवाल्यावर हॅलोजन लावला तर दिवा दिवसभर लुकलुकत राहतो आणि लवकर जातो. सिरॅमिक हीटरचा होल्डरही सिरॅमिकचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. दोन्हींवर जाळीचा पिंजरा बसवला. गरम दिव्याला वेटोळं घालून भाजलेले साप डॉक्टरांकडे येतात, असं त्यांनीच सांगितलं.

मग पेटी आठवडाभर रिकामी चालवली. मुलाने वहीत रोज सकाळी, दुपारी, रात्री आकडे लिहिले. पहिल्या दिवशी गरम टोक ३१, अगदी हवं तसं. गार टोक २८! मी थर्मामीटर बदलून पाहिला, तरीही २८. म्हणजे केशरला गार व्हायला जागाच नव्हती. लाकूड ऊब इतकी छान धरत होतं की सगळी पेटी एकसारखी तापली.

थर्मोस्टॅट गरम टोक सांभाळतो. गार टोक सांभाळायचं काम लांबीचं आणि झरोक्यांचं. माझे झरोके लहान होते, दोन्ही वरच्या बाजूला होते. त्यांतला एक बंद केला आणि उजव्या गार टोकाला तळापासून थोडं वर नवा पाडला. डावीकडचा वरचा मोठा केला. आता गार हवा उजवीकडून खालून येते आणि तापलेली हवा डावीकडून वरून निघते. दोन्हींना स्टीलची बारीक जाळी. दिवाही ७५ वरून ५० वॅटचा केला. पाचव्या दिवशी आकडे आले ३१ आणि २४. सातव्या दिवशीही तेच.

थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार साप हलवू शकणार नाही अशी पक्की बसवा. ती ओढली जाऊन पाण्याच्या वाडग्यात पडली तर यंत्राला वाटतं पेटी गार आहे, आणि ते तापवतच राहतं.

पाणवठा, रॅले

नॉर्थ कॅरोलायनात आमच्या मागच्या अंगणात कॉर्न स्नेक जंगली आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं. पहिल्यांदा पाहिला तो गॅरेजच्या दाराच्या चौकटीवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर. हे चांगले चढतात. पोटाचे खवले कडेला कोनासारखे असतात, झाडाच्या सालीत ते रुततात. उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतात. त्यामुळे ६०० उंची आणि फांद्या हे दोन्ही फार बरं केलंत.

इथे लोक त्यांना विषारी कॉपरहेड समजून फावड्याने मारतात. मी शेजाऱ्यांना दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तेव्हापासून आमच्या गल्लीत निदान फोन तरी करतात.

एक प्रश्न. इथे ते पाइनच्या जंगलात राहतात. मग पाइनचा भुसा पेटीत नको का म्हणतात?

निर्झरा

हा प्रश्न मलाही पडला होता. जंगलात वास वाऱ्यावर जातो. पेटी बंद असते आणि तापलेली असते, ताज्या भुशातलं तेल हवेत उतरतं आणि सापाच्या नाकाशी साठतं. सीडरचा भुसा तर अजिबात नको, त्याने श्वासाचे आजार होतात. मी अ‍ॅस्पेनचा भुसा वापरते. त्यात साप बोगदे करतो आणि ते टिकतात. तो ओला झाला की बुरशी येते, म्हणून ओलं शेवाळ वेगळ्या डब्यात ठेवते आणि पाण्याचा वाडगा गार बाजूला.

चढण्याबद्दल सांगितलंत ते फार उपयोगी पडलं. वरची फांदी मी दिव्याच्या जवळ घेणार होते, आता उजवीकडे हलवते.

गवतफुला

काम छान आहे, पण मला साप पाळणंच पटत नाही. त्याची जागा रानात. आपल्या हौसेसाठी एका जिवाला वीस वर्षं पेटीत ठेवायचं, याचं मला वाईट वाटतं. रागाने लिहीत नाहीये.

निर्झरा

तुम्ही रागाने लिहिलेलं नाही हे कळतं. केशर कैदेत जन्मलेल्या सापांच्या पोटची आहे. तिला इथल्या रानात सोडणं कायद्याने गुन्हा आहे आणि यॉर्कशायरच्या हिवाळ्यात ती टिकायचीही नाही. ती आमच्याकडे आली त्या दिवसापासून तिचं सगळं जग म्हणजे आम्ही देऊ तेवढी जागा. तुमच्या मनातलं माझ्याही मनात येतं, म्हणूनच टाकी बदलतेय. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळीव प्राण्याला योग्य जागा, योग्य अन्न, नैसर्गिक वागण्याची मुभा, सोबत किंवा एकटेपणा आणि दुखण्यापासून बचाव या पाच गरजा सांगितल्या आहेत, आणि त्या सापालाही लागू आहेत. कॉर्न स्नेकला एकटंच ठेवतात. जोडीला दुसरा साप द्यावा असं कुणाला वाटलं तर देऊ नका, एकमेकांना खाल्ल्याच्या घटना आहेत.

अरण्यवाटा, सातारा

मी सर्पमित्र आहे. धागा इथल्या मुलांनी वाचला तर गैरसमज नको म्हणून लिहितो. भारतात आपले साप पाळता येत नाहीत. धामण, तस्कर, दिवड, नानेटी, कुठलाही असो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आम्ही घरातून पकडलेला सापही स्वतःकडे ठेवत नाही, वनखात्याला कळवून लवकरात लवकर जवळच्याच योग्य जागी सोडतो. मांडुळाबद्दल तर मला महिन्यातून एक तरी फोन येतो. मांडूळ ना दुतोंड्या आहे, ना त्याने धन सापडतं. त्याची शेपूट बोथट असते एवढंच. या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते, आणि पकडले गेले की तुरुंग.

परदेशी सापांचं वेगळं. रॉयल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सक्तीची झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. कागद नसलेला साप घेऊ नका. साप जवळून बघायचे असतील तर पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान १९८६ पासून आहे, मुलांना तिथे न्या.

निर्झराताई, पेटीला कुलूप आहे का? सरकत्या काचेला साप नाक लावून जोर देतो. डोकं शिरलं की अंग शिरलंच.

निर्झरा

दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कुलूप अजून नाही, काचेत अडकवायची पाचर तात्पुरती लावली आहे. जुन्या टाकीतून केशर एकदा निसटली होती. झाकणाची एक क्लिप नीट बसली नव्हती. तीन दिवस सापडली नाही. मुलगा रात्री झोपेना. चौथ्या दिवशी फ्रिजच्या मागे, मोटारीच्या उबेला वेटोळं करून बसलेली दिसली. साप हरवला की आधी घरातल्या उबदार जागा शोधा.

मऊभात

अजून भीती वाटते. पण केशर पेटीत गेली की कळवा.

निर्झरा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कडांना वार्निशचे दोन हात दिले, पुन्हा दहा दिवस वाऱ्याला ठेवली आणि त्यानंतरच्या रविवारी केशर पेटीत गेली.

पहिले दोन दिवस गार बाजूच्या बिळातून बाहेरच आली नाही. आम्ही हात लावला नाही, नुसतं पाणी बदललं. तिसऱ्या रात्री साडेदहाला फांदीवर होती, डोकं पुढे आणि जीभ सारखी आतबाहेर. पाचव्या दिवशी उंदीर दिला, फ्रिझरमधला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग कोमट पाण्यात ऊब आणलेला. मायक्रोवेव्हमध्ये कधी गरम करू नका, आतून फुटतो. खाऊन ती सरळ गरम बिळात गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली. यावेळी उलटी नाही.

नंतर डोळे दुधाळ निळसर झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली. ओल्या शेवाळाच्या डब्यात ती बरीच बसली. आज सकाळी फांदीवर अख्खी कात लटकलेली मिळाली, डोळ्यांवरच्या गोल टिकल्यांसकट आणि शेपटीच्या टोकासकट. डोळ्यांची टिकली मागे राहत नाही ना हे दर वेळी बघावं लागतं. मुलाने मोजली, १ मीटर ८ सेंटिमीटर. कात ताणली जाते, त्यामुळे साप खरा तेवढा लांब नसतो, हे त्याला समजावलं तेव्हा तो हिरमुसला.

आई साताऱ्याहून आलीय. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून म्हणाली, "अगं, वाटीभर दूध तरी ठेव तिच्यापुढं." साप दूध पीत नाही, पचतही नाही, हे मी तिला सांगितलं. काल रात्री ती स्वतःहून काचेपाशी खुर्ची ओढून बसली होती. केशर दिव्याखालून निघून उजवीकडे चालली होती, हळू, पोट फांदीला घासत. आई म्हणाली, "तिकडं ऊन, तिकडं सावली. अंगणात असतं तसं केलंस की."

अरण्यवाटा दादा, काचेचं कुलूप आज टपालाने आलं. बसवलं की फोटो टाकते. पहाटवारा, तुम्ही पाठ काढली का कपाटाची?